विहीणबाईंच्या रागाचं मॉडेल

विहीणबाई, मंगळवारी दुपारी तुमचा राग गेला. खारघरला आपल्या नातीच्या, ऋतुजाच्या ऑफिसात, एसीच्या गारठ्यात, संगणकाच्या पडद्यावर तशी हिरवी अक्षरंच उमटली: ग्राहक समाधानी. खाली माझं नाव आणि मी पास झाल्याचा शेरा. तुम्हाला जाऊन तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता.

हे कुणाला तरी सांगायला हवं होतं आणि सांगण्यासारखं माणूस एकच होतं, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. मीनलला सांगितलं असतं तर ती रडली असती. जावयांना सांगितलं असतं तर 'आई, तुम्ही पण ना' म्हणून ते हसले असते. मला दोन्ही नको. मला लाज वाटते आहे, आणि ती थोडे दिवस तशीच वाटू द्यायची आहे.

वाचणाऱ्यांसाठी आपलं नातं थोडं सांगते, तुम्ही कंटाळू नका. मी पनवेलची, टेलिफोन एक्सचेंजमधली ऑपरेटर. तुम्ही खारघरजवळच्या ओवे गावच्या, भातशेतीच्या घरातल्या. पुढे शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, तुमच्या गळ्यातलं सोनं वाढलं, पण बोलणं होतं तस्संच राहिलं. माझ्या मीनलने तुमच्या प्रशांतला कॉलेजात पसंत केलं, आणि बाजारात समोरासमोर आलो असतो तरी एकमेकींकडे बघितलं नसतं अशा आपण दोघी विहिणी झालो.

त्या लग्नातली मी आठवते तेव्हा तिला एक चापट द्यावीशी वाटते. जांभळी साडी, बिनबाह्यांचं ब्लाउज, कापलेले केस, आणि जगातली सगळी अक्कल आपल्याच पर्समध्ये आहे अशी चाल. माझा आवाज म्हणजे पनवेल एक्सचेंजची शान. मी नुसतं 'नमस्कार' म्हटलं की पलीकडचा माणूस हवा असलेला नंबर विसरतो, असं सगळ्यांना सांगत फिरायचे. दुसऱ्या कुणी हे सांगितल्याचं मात्र आठवत नाही.

तर या बाईने ठरवलं, आपल्या मुलीच्या लग्नात जुनाट काही नको. रुसवेफुगवे नकोत, विहिणीची पंगत नको. बुफे. पनवेलात तेव्हा बुफे नवा होता. लोक भरलेली ताटं घेऊन कुठं टेकायला मिळतंय का ते बघत हॉलभर फिरत होते. तुम्ही तुमच्या जावा-नणंदांना घेऊन कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर बसलात. रीत साधी होती. मी यायचं, पाण्याचा तांब्या पुढे करायचा, तुम्ही तोंड फिरवायचं, मी हात धरायचा, तुमच्या नणंदांनी मला चार टोमणे मारायचे, मी दोन परत करायचे, आणि मग हसत हसत सगळ्यांनी जेवायला उठायचं. घटकाभराचा खेळ.

मी काय केलं? बँडवाल्याचा माइक मागून घेतला आणि त्या सुप्रसिद्ध आवाजात घोषणा केली, 'वरमाई आणि वरपक्षाच्या मंडळींना विनंती आहे, भोजनाची व्यवस्था डाव्या हाताला आहे. कृपया ताटकळत राहू नये.'

तुमची धाकटी नणंद चालत माझ्यापर्यंत आली. 'विहीनबाय, आमची वैनी बसलीय.'

'हो, सांगितलं ना मी माइकवरून,' मी म्हटलं.

थोड्या वेळाने लांबूनच हात करून तुम्हाला विचारलं, जेवलात का? तुम्ही म्हणालात, 'राहू दे. काय नाय.' माझ्या दृष्टीने विषय मिटला. मी शेजारणीला वर म्हटलं, 'बघ, खेड्यातल्या असून किती समजूतदार. काही कटकट नाही.'

त्या दिवसापासून तुम्ही माझ्या घरचं पाणी प्यायला नाहीत.

भांडला नाहीत, बोलणं तोडलं नाहीत. मीनलला तळहाताच्या फोडासारखं जपलंत, माझ्यापर्यंत या गोष्टीची झळसुद्धा तिच्या मार्फत येऊ दिली नाहीत. सणावाराला माझ्याकडे यायचात, वालाच्या शेंगा, कोळंबी, नव्या तांदळाचं पीठ घेऊन यायचात. आणि पिशवीत तुमची बाटली. आधी प्लास्टिकची होती, मग ऋतुजाने वाढदिवसाला स्टीलची दिली. मी पाण्याचा पेला पुढे केला की 'राहू दे'. चहा केला की 'आत्ताच घेतला'.

माझे हे गेले तेव्हा तुम्ही आलात आणि माझ्या स्वयंपाकघराचा ताबा घेतलात. मऊ भात, बिरडं, तांदळाची भाकरी. मला समोर बसवून घास घास खायला लावलंत. तुम्ही स्वतः रात्री ओव्याला परत जाऊन जेवत होतात, आणि दिवसभराची बाटली शेजारच्या जोशीकाकूंच्या नळावर भरून आणत होतात. काकूंनी न राहवून विचारलं, 'अहो, यांच्याकडे पाणी येत नाही का?'

'येतं ना,' तुम्ही म्हणालात. 'माज्या घशाला यांचं पानी लागत नाय.'

मी आतल्या खोलीतून ऐकत होते. तुम्ही केलेला भात माझ्या पोटात होता आणि तुम्ही माझ्या नळाला हात लावत नव्हतात. तेव्हाच बाहेर येऊन काहीतरी बोलायला हवं होतं. मी बोलले, पण कधी? पुढच्या संक्रांतीला, चार बायकांत, विनोद करून: 'काय हो विहीणबाई, आमच्या पाण्यात विषबिष आहे का?' बायका हसल्या. तुम्ही तिळगूळ पिशवीत टाकलात.

आणि तरी कर्नाळ्याचं सरबत मी विसरत नाही. ऋतुजाला पक्षी दाखवायला नेलं होतं. पक्षी एकही दिसला नाही, माकडांनी केळी पळवली. माझ्या थर्मासातल्या पाण्याला तुम्ही नको म्हणालात, हमरस्त्यावरच्या गाडीवर लिंबू सरबत घेतलंत, अर्धं प्यायलात आणि उरलेला ग्लास माझ्यापुढे धरलात. मी तो मुकाट रिकामा केला. द्यायला तुमची कधीच ना नव्हती. घ्यायला मात्र आधी मी रुसवा काढायला उठून यायला हवं होतं.

आता ऋतुजाचं काम. ती ज्या कंपनीत आहे तिथे माणसांशी बोलायला शिकवणारे खेळ बनवतात. खेळ म्हटलं की ती चिडते, सिम्युलेशन म्हणायचं. बँकेत, गॅस एजन्सीत, दवाखान्याच्या काउंटरवर नव्याने लागलेल्या पोरापोरींना संगणकापुढे बसवतात. पडद्यावर चिडलेलं गिऱ्हाईक येतं, भांडतं. शिकणाऱ्याने माइकवर उत्तर द्यायचं. कोपऱ्यात एक काटा असतो, तो गिऱ्हाइकाचा राग दाखवतो.

'आजी, वैमानिकाला पहिल्या दिवशी खरं विमान देतात का?' तिने मला समजावलं होतं. 'आधी खोट्या विमानात बसवतात, पाडायचं तेवढं पाडू देतात. हे तसंच. खऱ्या गिऱ्हाइकावर चुका केल्या तर गिऱ्हाईक जातं.'

'आणि राग कशाने मोजता? दुधाचं फॅट मोजतात तसा?'

'मॉडेल असतं गं. आवाज किती चढला, बोलणं किती भरभर, शब्द कुठले, त्यावरून ते अंदाज बांधतं.'

मला हे पुरतं पटलं नाही, पण ओळखीचं वाटलं. एक्सचेंजमध्ये आम्हालाही आधी सरावाच्या बोर्डावर बसवलं होतं. त्याच्या मागे तारा नव्हत्या. आमच्या शिकवणाऱ्या बाई शेजारच्या टेबलावरून चिडलेल्या गिऱ्हाइकाचं सोंग घेऊन ओरडायच्या आणि आम्ही कुठेच न जाणाऱ्या भोकांत प्लग खुपसत गोड बोलायचो.

ऋतुजाला चिडलेल्या गिऱ्हाइकासाठी खरा वाटेल असा आवाज मिळत नव्हता. आलेले नट नुसते किंचाळत होते. मी म्हटलं, थांब, तुला चिडलेली बाई ऐकवते. आणि माझ्या ओट्यापाशी उभं राहून, पदर खोचून मी तुमची नक्कल सुरू केली. 'माजा सिलिंडर कुटं हाय? तुमी आमाला येडं समजता काय?' हात नाचवले, डोळे फिरवले. ऋतुजा मोबाइल धरून हसत होती. मग तिचं हसणं मध्येच थांबलं. तुम्ही दारात उभ्या होतात.

चपला काढल्यात. कोळंबीची पिशवी ओट्यावर ठेवलीत. बसलात.

'मी अशी बोलते?'

मी खोचलेला पदर सोडला.

'मी रागावले का बोलत नाय,' तुम्ही ऋतुजाला म्हणालात, माझ्याकडे न बघता. 'हिला म्हाईत नाय. ही कदी जवळ येऊन बगायलाच नाय आली. मी येते तुज्या हापिसात.'

आणि खरंच आलात. हिरवी नऊवारी, अंगावर सगळं सोनं, स्वतःच्या गाडीने. मला बरोबर घेतलंत. मला वाटलं शिक्षा म्हणून. आता वाटतं, मी ऐकावं म्हणून.

प्रसंग असा होता: सिलिंडर पोचल्याची नोंद झाली आहे, घरी मात्र आलेलं नाही, आणि गिऱ्हाईक बाई एजन्सीत येऊन बसली आहे. पडद्यावर चित्र कुठल्याशा सडपातळ बाईचं होतं. 'हिला नथ नाय,' अशी तुम्ही पहिली तक्रार नोंदवलीत. मग माइकपुढे बसलात, दोनच वाक्यं बोललात, 'राहू दे. काय नाय,' आणि हाताची घडी घातलीत.

काटा सरकत सरकत हिरव्यावर आला. ग्राहक समाधानी. ऋतुजाच्या साहेबांनी तर टाळी वाजवली.

'तुमचा काटा बिगडलाय,' तुम्ही म्हणालात. 'मी आत्ताच तर रागावले.'

ऋतुजा गोंधळून पडद्याकडे बघत राहिली, मग तिने कपाळावर हात मारला. त्यांच्या मॉडेलला चढलेला आवाज तेवढाच राग म्हणून शिकवला होता. गप्प बसलेलं माणूस त्याला शांत झालेलं वाटलं. सगळे त्या चुकीबद्दल बोलायला लागले. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला डाव्या हाताची भोजनव्यवस्था दिसत होती. यंत्र निदान नवं होतं. माझ्यापाशी तर तेव्हा चांगली पन्नाशीला आलेली बुद्धी होती.

'मग हिचा राग जातो कशाने, आजी?' ऋतुजाने तुम्हाला विचारलं.

'तिनं उटून आलं पायजे.'

'काउंटर सोडून?'

'मग? बसल्या जागेवरून कोन कोनाचा राग काढते?'

साहेबांना ते पटायला वेळ लागला, पण आपण पुढच्या खेपेला गेलो तोवर मॉडेलला गप्प बसणंही राग म्हणून शिकवलं होतं आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक बटण आलं होतं, 'खुर्ची सोडा'. राग गेल्यावर शेवटी म्हणायला तुम्हाला वाक्य लिहून दिलं होतं, 'धन्यवाद, आपण माझी अडचण दूर केलीत.' ते वाचून तुम्ही कागद उलटा ठेवलात. 'असं कोन बोलत नाय.' मला बाहेर पाठवलंत आणि स्वतःच्या मनाचं काहीतरी बोलून आलात. काय बोललात म्हणून विचारलं तर म्हणालात, 'जी उटून येईल तिला ऐकू येईल.'

पहिली परीक्षा द्यायला मीच बसले. एक्सचेंजची शान ना मी. 'नमस्कार, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत, आपली तक्रार नोंदवली गेली आहे, कृपया आपला ग्राहक क्रमांक...' काटा लाल होत गेला. मी आणखी गोड झाले. तो आणखी लाल झाला. कोपऱ्यातलं बटण मला दिसलंसुद्धा नाही. तुम्ही इतक्या हसलात की डोळ्यांतून पाणी आलं, पदराने पुसत होतात. मग हसणं ओसरल्यावर माझ्याकडे वळलात आणि हलकेच म्हणालात, 'विहीनबाय, यंत्रावर जमत नाय, मग खऱ्यावर कदी जमायचं?'

टेबलावर पाण्याचा जग होता, पेले होते. ऋतुजा माझ्याकडे बघत होती. तुम्ही खुर्चीत, मी खुर्चीत, मध्ये दोन पावलं.

'अहो, पण खऱ्याला बटण कुठाय?' मी म्हटलं.

सगळे हसले. तुम्हीही हसलात. मग म्हणालात, 'राहू दे.'

त्या एका वाक्याची मला जेवढी लाज वाटते तेवढी माइकवरच्या घोषणेची वाटत नाही. घोषणा केली तेव्हा मला कळत नव्हतं. या वेळी कळत होतं, वाटही दिसत होती, आणि तरी लोकांना हसवण्याचा मोह मला सुटला नाही.

गाडीत बसल्यावर तुम्ही झोपलात. मी खिडकीतून बघत सरावाच्या बोर्डाचा विचार करत होते. लग्नातला रुसवा म्हणजे तरी काय होतं? खोटा राग, खोटी समजूत, मागे तारा नसलेला बोर्ड. दोन परक्या घरांतल्या बायकांनी जन्मभर एकमेकींना सांभाळायचं, तर पहिल्याच दिवशी थोडं पडून बघायचं, उठून बघायचं, सगळ्यांदेखत आणि हसत. मी तो सराव जुनाट म्हणून रद्द केला आणि मग खऱ्या रागापुढे माझा हात चालेना. हे तुम्हाला त्या गाडीतच सांगायला हवं होतं. तुम्ही घोरत होतात, हे माझं तेव्हाचं कारण. चांगलं भक्कम कारण होतं.

मग तुमचं आजारपण, दवाखाना. तिथे मी रोज यायचे आणि रोज काहीतरी गमती सांगायचे, शेजारच्या खाटेवरच्या बाईला हसवायचे. एका दुपारी तुम्ही हात उचललात. 'बस करा आता, विहीनबाय. दमले.' मी गप्प झाले. स्टूल ओढून खाटेला चिकटून बसले, तुमच्या हातावर हात ठेवला. तुम्ही काढून घेतला नाहीत. आत्ता असं वाटतं की तेव्हा काटा थोडा हलत असेल. पण ते जवळ येऊन बसणं मी मुद्दाम नव्हतं केलं हो, मी नुसती घाबरले होते. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. 'उद्या येते,' मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा तुमच्या खाटेवरची चादर बदलली होती.

तेराव्याला तुमच्या घरी तुमच्या बाकीच्या सुनांनी आणि माझ्या मीनलने पंगत वाढली. मी खाली बसून जेवले, मुकाट्याने. तुमच्या धाकट्या नणंदेने माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. ती काही बोलली नाही, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

आणि मंगळवारी ऋतुजाने ऑफिसात बोलावलं. तुमचा आवाज पुढेही वापरायचा का, हे घरच्यांनी ठरवायचं होतं. नव्या पोरी तुमच्यापुढे बहुतेक नापासच होतात, म्हणाली, पण नंतर खऱ्या कामाला लागल्या की तीच गोष्ट त्यांना आठवते. 'आजी, तू एकदा ऐक आणि सांग. मला आईला विचारवत नाही.'

मी बसले. पडद्यावर ती बिननथीची बारीक बाई आणि तिच्या तोंडून तुम्ही.

'राहू दे. काय नाय.'

मी उठून उभी राहिले. काटा जागचा हलला नाही.

'आजी,' ऋतुजा हळूच म्हणाली, 'बटण दाबावं लागतं.'

खऱ्याला बटण नव्हतं. इथे आहे, तर तेही धड सुचलं नाही. चष्मा सारखा करून दाबलं. काउंटर बाजूला सरकलं, ती बाई जवळ आली. माइक लागला होता. माझ्या त्या आवाजातलं एकही वाक्य येईना. मग कुठूनतरी आलं, 'तुम्हाला बसवून ठेवलं मी. मी यायला हवं होतं.'

सिलिंडरचा त्यात शब्दही नव्हता. ऋतुजाने नंतर सांगितलं, मॉडेलला तेवढं पुरतं: मध्ये तोडलं नाही, नियम सांगितला नाही, 'पण' म्हटलं नाही. काटा उतरत गेला. आणि तुम्ही इतक्या मऊ बोललात की मला आधी तुमचा आवाज ओळखू आला नाही.

'जरा पानी दे गो.'

विहीणबाई, मी गेले. त्या काचेच्या ऑफिसात, माना घालून काम करणाऱ्या पोरांमधून, मी खरंच पाणी आणायला गेले. मशीनखाली कागदी पेला धरला, अर्धाच भरला. लाज कसली वाटली म्हणाल, तर पेला भरताना मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं होतं. जे तुम्ही जिवंतपणी मला दिलं नाहीत, कारण मी कधी कमावलं नाही, ते मी एका बटणावर घेऊन आले होते.

परत आले तोवर पडदा पहिल्यासारखा झाला होता, पुढच्या शिकाऊ पोरीसाठी. काटा लाल. तुम्ही खुर्चीत, हाताची घडी घालून.

'राहू दे,' तुम्ही म्हणालात. 'काय नाय.'

'ठेवू ना गं हे?' ऋतुजाने विचारलं. मी मान हलवली. शिकू देत पोरी.

पेला मी पडद्यापुढे ठेवला. मग खुर्ची ओढून तुमच्या बाजूला लावली, तुमचं तोंड जिकडे तिकडेच माझंही तोंड करून बसले. लग्नात तुम्ही बसला होतात त्या कोपऱ्यातून हॉल कसा दिसतो, ते मी पहिल्यांदा बघत होते. समोर कुणी नव्हतं. आपण दोघी बसून राहिलो, कुणीतरी उठून येईल म्हणून.